माईंची गाडी आणि 'वाढवा'चा खटका

या, असे जवळ या. तो पंखा जरा कमी करा, नाहीतर माझं निम्मं बोलणं त्याच्याच पोटात जाईल. हं. आज तुम्हाला एका खटक्याची गोष्ट सांगतो. खटका म्हणजे बटण. पण त्याने आमच्या घरात दुसऱ्या प्रकारचेही खटके पुष्कळ उडवले, तेही ओघाने येतील. गोष्ट खरी आहे आणि ऐकून झाल्यावर तुम्ही मला वेडा म्हणालात तरी चालेल. सारंगखेड्यात ते म्हणून झालंय.

मी बन्सीलाल. भांड्यांचं दुकान आहे आणि कीर्तनाचं वेड आहे. दुकान वडिलांकडून आलं, वेड माईंकडून. माई म्हणजे कीर्तनकार निर्मलाबाई. तापीकाठची सगळी गावं त्यांना माई म्हणतात. मोठे बुवा मोठ्या गावांना जातात, त्यांच्यामागे वाद्यांची अख्खी फौज असते. माई जातात ती गावं अशी, की जिथे एसटीसुद्धा मनात आलं तर जाते. एक पेटी, एक मृदंग, चार टाळकरी आणि माईंचा आवाज. तो आवाज एकदा कानात गेला की माणूस घरी जाऊन भांडण विसरतो. मी तर चपलाही विसरतो. म्हणून कीर्तनाला मी जुन्याच घालून जातो.

तर मागे एका दत्तजयंतीला आमच्या देवळापुढच्या पटांगणात माईंचं कीर्तन होतं. शेवटचा गजर झाला, आणि माई म्हणाल्या, "मंडळी, संध्याकाळी दुकानदार म्हणतो ना, दुकान वाढवतो? तसं मीही आता कीर्तन वाढवते."

जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्यात चांगल्या गोष्टीला 'बंद' म्हणत नाहीत. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. म्हणजे माई कीर्तन बंद करणार होत्या, पण बोलल्या देवासारखं.

कारण गुडघे. ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही. आणि आपल्याकडच्या खेड्यांत पाहुणचार कितीही प्रेमाचा असला, तरी तो शेवटी उकिडवंच बसवतो. माईंनी हे फार झाकून सांगितलं. मला झाकून बोलता येत नाही. मी टाळकऱ्यांच्या बाजूला, माइकच्या अगदी जवळ उभा होतो आणि गहिवरून ओरडलो, "माई, कमोडच हवा ना? कमोड तुमच्या मागे गावोगाव फिरेल!"

तो माइक चालू होता. नदीपलीकडच्या गावातही ऐकू गेलं म्हणतात.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात गिऱ्हाईक कमी आणि विचारपूस जास्त. "बन्सीकाका, कमोड कोठे पोचना?" घागर बघायला आलेली बाई घागरीत तोंड घालून हसते म्हणजे काय! मी त्याच दिवशी ठरवलं. आता माघार नाही. भांड्यांच्या दुकानदाराची अब्रू ही पितळेसारखी असते, घासली नाही तर काळी पडते.

परदेशात लोक मोटारीमागे अख्खं घर जोडून फिरतात, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. माझ्याकडे मोटार नव्हती. पण चुलतभावाचा ट्रॅक्टर होता, त्याच्यावर दगा नावाचा ड्रायव्हर होता, आणि एक जुनी उसाची ट्रॉली होती. ट्रॉलीवर पत्र्याची खोली बांधून घेतली. आत खाट, पंखा, दिवे, पाण्याची टाकी, ते पाणी वर चढवायला छोटा पंप, मधे दार आणि दारापलीकडे तो. माइकचा अ‍ॅम्प्लिफायरही आतच. म्हणजे गाव कुठलंही असो, लाइट असो नसो, माई आपल्या खोलीतून उतरतील, कीर्तन करतील आणि आपल्या खोलीत जाऊन आराम करतील.

मग आलं सरकार. कार्यालयाचं नाव घेत नाही, तिथल्या साहेबांनी चहा पाजला होता. पण संवाद ऐका.

"आत झोपायची सोय आहे?"

"आहे."

"मग हे घर झालं."

"पण चाकं आहेत, साहेब."

"मग वाहन."

"आत देवही आहे. छोटं देवघर आहे."

"मग मंदिर झालं. मंदिर असं रस्त्यावर फिरवता येत नाही." साहेबांनी खिडकीतून डोकावलं. "आणि ते पांढरं काय आहे?"

मी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "देव आणि हे, एकाच गाडीत?"

"मधे दार आहे," मी मान ताठ ठेवून म्हणालो. "आणि तुमच्या घरातही दोन्ही एकाच छपराखाली असतील."

बऱ्याच खेपा झाल्या. शेवटी ती 'शेतमालाची ट्रॉली' म्हणूनच राहिली. म्हणजे सरकारच्या लेखी माई हा शेतमाल. मला फार लागलं. माईंना सांगितलं तर त्या हसल्या. "बरोबरच आहे की. मातीतच उगवले ना मी?"

आता वायरिंग. त्यासाठी नंदुरबारहून राजेंद्र आला. रिक्षांचं वायरिंग करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं तो स्वतःच सांगतो. त्याने पिशवीतून वायरचं भेंडोळं काढलं. लाल. दुसरं काढलं. तेही लाल. तिसरंही लाल.

"अरे, दुसरा रंग नाही?" मी म्हणालो.

"काका, मिरचीना गावमा राहस मी. लाल वायर बठ्ठास्ले चालस."

बठ्ठास्ले म्हणजे सगळ्यांना. तर वायरी सगळ्या लाल. जाणारी लाल, येणारी लाल. पंख्याची, पंपाची, दिव्याची, माइकची सगळ्यांची लाल. छताखाली बघितलं तर खळ्यात मिरची वाळत घातल्यासारखं दिसायचं. परिणाम असा झाला, की पहिल्यांदा आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे रंजनाबाईंनी, पंख्याचं बटण दाबलं आणि कमोडमध्ये धो धो पाणी आलं. मग पंपाचं दाबलं, तर पंखा फिरला. रंजनाबाई म्हणाल्या, "अहो, माईंना उकडलं तर काय करायचं त्यांनी?" ते राजेंद्रने दुरुस्त केलं. पण मला वाटतं, त्याच दिवशी मी सावध व्हायला हवं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी होती एक मोठी बॅटरी, आणि गाडीच्या बाहेरच्या अंगाला तिचा एक जाडजूड खटका. राजेंद्र त्याला कट-ऑफ म्हणे. त्याचं काम सोपं. नळ असतो ना पाण्याच्या टाकीला, तसा हा बॅटरीचा नळ. गाडी उभी करून ठेवायची असली की खटका फिरवायचा, म्हणजे बॅटरीतून कुणालाच काही मिळत नाही. नाहीतर इकडचा दिवा, तिकडचा माइक, थेंब थेंब पीत राहतात आणि बॅटरी कोरडी पडते.

राजेंद्र म्हणाला, "एक बाजूले चालू लिखा, दुसरी बाजूले बंद."

रंजनाबाई कुंकवाच्या रंगाचा ऑइलपेंट घेऊन उभ्याच होत्या. 'बंद' हा शब्द ऐकून त्यांचा ब्रश थांबला.

"माईंच्या गाडीवर 'बंद' लिहायचं? कीर्तन बंद पडू नये म्हणून गाडी केली, आणि तिच्या कपाळावर हे?"

मला पटलं. संसारात फार थोड्या गोष्टी आम्हा दोघांना एकदम पटतात. रंजनाबाईंनी वळणदार अक्षरात एका बाजूला लिहिलं 'चालू', आणि दुसऱ्या बाजूला 'वाढवा'.

राजेंद्र डोकं खाजवत बघत राहिला. पण काकूंना कोण बोलणार!

देवघराची गोष्ट वेगळी होती. तिथे मी एक बारीक दिवा लावला आणि शेजारी अखंड नामजप करणारी डबी. आता मला सांगा, देवापुढचा दिवा कुणी खटक्याने वाढवतो का? तो अखंडच असायला हवा. मी राजेंद्रला म्हणालो, या दोघांची वायर खटक्याच्या आधीच, थेट बॅटरीला जोड. सगळे झोपले तरी देव जागा हवा. त्याने जोडली. लाल वायरनेच.

आमचे शेजारी नवनीतभाई. वीज खात्यातून निवृत्त झालेत, पण वीज त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून त्यांनी विचारलं, "अर्थिंग कुठंय?"

"नवनीतभाई, ही गाडी आहे."

"बन्सीलाल, अर्थिंगशिवाय मी लग्नाचा मांडव उभा राहू दिला नाही कधी!"

दगाला सांगून त्यांनी एक लोखंडी सळई जमिनीत ठोकली आणि वायरने गाडीला बांधली. पुढे ती सळई सगळे विसरलो. गाडी निघाली तेव्हा मागून सळई निघाली, सळईमागून नवनीतभाई ओरडत निघाले, आणि वाटेत त्यांच्याच अंगणातला मेथीचा वाफा नांगरून निघाला. त्यानंतर महिनाभर त्यांनी माझ्याशी फक्त अर्थिंगविषयीच बोलणं ठेवलं.

पहिली चाचणी दत्तजयंतीला आमच्याकडे भरते त्या घोड्यांच्या यात्रेत घ्यायची ठरली. गाडी तयार होईपर्यंत पुढची दत्तजयंती उजाडली होती. गर्दीच्या कडेला गाडी उभी केली, लोकांनी बघावी म्हणून दार उघडं ठेवलं. थोड्या वेळाने बघतो तर दारापुढे रांग. मला वाटलं, कमोडवरून हसणारं गाव शेवटी कौतुकाला आलं. मी रांगेतल्या पहिल्या फेटेवाल्याला हात जोडले. तो पोट धरून म्हणाला, "दादा, आत कोणी शे का? लवकर करा ना!"

सगळ्या रांगेला परत पाठवताना माझा जो अपमान झाला तो मी इथे सांगणार नाही.

गाडी खटका वाढवून तशीच उभी ठेवली. यात्रा संपत आली तेव्हा मोठ्या ऐटीत नवनीतभाईंना ती दाखवायला घेऊन गेलो. खटका 'चालू'कडे फिरवला. दिवा लागेना. पंखा हलेना. देवघरातला दिवा विझलेला, डबी मुकी. बॅटरी ठार कोरडी.

"नवी बॅटरी! खटका वाढवलेला होता! मग प्यायलं कोणी?" मी ओरडलो.

आता सल्ले ऐका. नवनीतभाई म्हणाले, अर्थिंग. घोड्याच्या व्यापाऱ्याने सांगितलं, नजर. कुणी म्हणालं, बॅटरी उलटी ठेवा. मी चार्जर आणून रात्रभर लावला. सकाळी बघतो, काही फरक नाही. कारण तेव्हा मला माहीत नव्हतं, की राजेंद्रने चार्जरची वायर खटक्याच्या पलीकडे जोडली होती, आणि खटका मी नेमाने वाढवून ठेवला होता. म्हणजे पाहुण्याला आग्रहाने पंचपक्वान्न वाढायचं, आणि त्याचं तोंड बांधून ठेवायचं! खटका बंद असला की बॅटरीतून जात नाही हे मला कळलं होतं. बॅटरीत येतही नाही, हे कळायला एक अख्खी रात्र गेली.

राजेंद्रला बोलावलं. चार्जरची वायर त्याने खटक्याच्या अलीकडे घेतली. मग सगळं उघडून बघितलं आणि देवघराकडे बोट दाखवलं. "काका, हाऊच चोर शे."

"कोण?"

"तुम्हना दिवा. आनि ती डबी. खटका सोडीसन डायरेक जोडेल शेत ना? यात्राभर पीत ऱ्हायनात. काढी टाका."

नवनीतभाईंना पहिल्यांदाच कुणीतरी अर्थिंग सोडून दुसरं काही सांगितलं आणि त्यांना तेही पटलं. "काढा," ते म्हणाले. रंजनाबाईसुद्धा हळूच म्हणाल्या, "अहो, काढूनच टाका ना. देवाला काय अंधाराची भीती?"

तिघं एकीकडे, मी एकीकडे. पण आयुष्यभर कीर्तनं ऐकून माणसाला एक गोष्ट येते, ती म्हणजे हट्ट. मी म्हणालो, "डबी खटक्यामागे घ्या. नाम मी तोंडाने घेईन. दिवा त्याहून बारीक, काडीएवढा लावा. पण तो थेटच राहील. खटका वाढवला म्हणून देवाचा दिवा वाढणार नाही. बास."

"मंग परत बॅटरी मरनी तं माले बलावानं नही," राजेंद्र म्हणाला.

"नाही बोलावणार!"

आणि माईंचा निरोप आला. कळसाडीला बोलावणं होतं. दर वर्षीचं गाव, नाही म्हणवेना. "बन्सीलाल, तुझी गाडी आण. एकदा येते. जमलं तर बघू. नाही जमलं, तर त्या दिवशी वाढवलंच समज. मग पुन्हा आग्रह करायचा नाही."

मी शब्द दिला. त्या रात्री मला झोप आली नाही. रंजनाबाईंनाही आली नाही, कारण मी पुन्हा पुन्हा उठून अंगणात बॅटरी बघायला जात होतो.

कळसाडीला आम्ही उन्हं असतानाच पोचलो. मी, रंजनाबाई, नवनीतभाई सळईसह, आणि ट्रॅक्टरवर दगा. उसाच्या कडेला मोकळ्या जागेत गाडी लावली. माईंनी गाडीत विसावा घेतला, चहा घेतला. नंतर दारातून हळूच उतरल्या आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "छान आहे रे." माझ्या सगळ्या अपमानांची भरपाई त्या तीन शब्दांत झाली.

दिवेलागणीला कीर्तन सुरू झालं. कापूस वेचून आलेल्या बाया, ऊसतोडीची माणसं, म्हातारे, लेकरं, सगळं गाव. गाडीला लावलेले दिवे, माइक, सगळं झकास. माई उभ्या, टेकायला मागे उंच स्टूल. आवाज जरा बारीक झाला होता, पण गोडी तीच. गोष्ट रंगात आली. मागच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्यांना ऐकू येईना. सभेत आपण सगळे शुद्ध बोलतो, तसं त्यांच्यातलं कुणीतरी ओरडलं, "आवाज वाढवा!"

दुसरे ओरडले, "वाढवा, वाढवा!"

मी पुढे बसलो होतो. उठेपर्यंत दगा गाडीकडे धावला होता.

आणि सगळं गेलं. माइक गेला, दिवे गेले. कळसाडीवर असा अंधार पडला की उसाचं पातं हललं तरी ऐकू यावं.

मग सुरू झालं. "काय व्हयनं?" "गई वाटतं बॅटरी." "बन्सीकाकाना कमोड बुडना!" हशा. अंधारात मला माझ्या अब्रूचा चेहरा दिसत होता. नवनीतभाई माझ्या कानाशी म्हणाले, "मी सांगत होतो. अर्थिंग." मी रागाने राजेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "बॅटरी मरनी, काका. माले बलावानं नही असं तुम्हीच सांगेल शे," आणि ठेवला.

माई अंधारात उभ्या होत्या. माइक नव्हता. त्या हळू म्हणाल्या, आणि पुढच्या चार ओळींपलीकडे ते कुणाला ऐकूही गेलं नाही, "बन्सीलाल, देवाचीच इच्छा दिसते. वाढवू या."

"नाही!" मी म्हणालो. आता यात धिटाई होती की फजितीचा संताप होता, मला सांगता येणार नाही. "माई, तुम्ही बसून घ्या. मी बघतो."

मी चाचपडत गाडीत शिरलो. काय बघणार होतो, देव जाणे. सगळ्या वायरी लाल, आणि अंधारात तर लालही दिसत नाही. पण देवघराकडे नजर गेली आणि मी जागच्या जागी थांबलो.

देवाचा दिवा लागलेला होता.

काडीएवढा, पण शांत, ठणठणीत. मी त्याच्याकडे बघत राहिलो. यात्रेत बॅटरी मेली तेव्हा हाही विझला होता. आज हा जळतोय. हा तर थेट बॅटरीवर आहे. म्हणजे बॅटरी जिवंत आहे! म्हणजे तिच्यापर्यंत सगळं ठीक आहे, आणि जे बिघडलं ते तिच्यापुढे. बॅटरीच्या पुढे काय आहे? खटका!

मी बाहेर धावलो. मोबाइलच्या उजेडात बघितलं. खटका 'वाढवा'कडे. मी तो 'चालू'कडे फिरवला.

लख्ख! दिवे लागले, पंखा फिरला, नामजपाची डबी गाऊ लागली. गाव "अरे वा!" म्हणून ओरडलं. खटक्याच्या शेजारी दगा उभा होता, पांढरा फटक पडलेला. माइकही लागला होता आणि माईंच्या हातातच होता. त्या टाळकऱ्यांचा हात धरून गाडीपर्यंत आल्या होत्या. त्यामुळे पुढचा संवाद सगळ्या कळसाडीने ऐकला.

"दगा!" मी गरजलो. "खटका तू फिरवला?"

"हा, काका. लोके सांगी ऱ्हायन्थात आवाज वाढवा. तठे लिखेल शे वाढवा. मी वाढावं. मन्हं काय चुकनं?"

मी खटक्यावरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली. रंजनाबाईंनी पदर तोंडाला लावला. नवनीतभाई म्हणाले, "म्हणून म्हणतो, बंद लिहा! सरळ, स्वच्छ, बंद! पुसा आता ते."

"नाही पुसणार," मी म्हणालो. "आणि दिवाही काढणार नाही. त्यानेच आज मला बॅटरी दाखवली. चोर म्हणून काढायला निघाला होतात ना तुम्ही त्याला?"

तेवढ्यात माईंचा हसण्याचा आवाज माइकवरून सगळ्या शिवारात पसरला. किती वर्षांनी माई अशा हसल्या. पुन्हा जागेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि गावाला म्हणाल्या, "मंडळी, परवाच्या नव्हे, त्याआधीच्या दत्तजयंतीला मी भर सभेत म्हणाले होते, मी आता कीर्तन वाढवते. ऐकलं होतं ना?"

"ऐकलं!"

"मला वाटत होतं, त्याचा अर्थ मला माहीत आहे. पण अर्थ काय लावायचा ते आज दगाने सांगितलं. तो म्हणतो, वाढवा म्हणजे वाढवा. मला त्याचा अर्थ पटला." मग टाळकऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "चला, उचला टाळ. कीर्तन वाढवू या."

आणि त्यांनी वाढवलं. त्या संध्याकाळी, आणि त्यानंतर आजपर्यंत. गाडी गावोगाव जाते. वायरी अजून लालच आहेत. नवनीतभाई अजून सळई आणतात, आता निघण्याआधी उपटतात. सरकारच्या लेखी माई अजून शेतमालच आहेत. खटक्यावरचा रंग उडाला होता, तो रंजनाबाईंनी परवाच पुन्हा गिरवला, तोच शब्द. त्याच्यापाशी बसण्याचा मान दगाचा, कारण त्याच्याशिवाय आता त्या खटक्याला कुणी हात लावत नाही.

झाली गोष्ट. उठा आता, पण एक मागणं आहे. संध्याकाळी दुकान वाढवाल, देवापुढचा दिवा वाढवाल, तेव्हा हात क्षणभर थांबवा आणि आमच्या दगाची आठवण काढा. त्याने वाचलं तेच खरं मानलं, म्हणून माईंचं कीर्तन अजून चालू आहे.